तळटिपेची मालकी

संशोधनपर लेखन करणाऱ्या प्रत्येकाला एक वेठबिगारी ठाऊक असते. विषय मांडून झालेला असतो, पुरावे जुळलेले असतात आणि मग संदर्भसूचीचे काम समोर येते. एका नियतकालिकाला प्रकाशनवर्ष आडनावानंतर लगेच हवे असते, दुसऱ्याला अगदी शेवटी. कुठे तळटिपा चालतात, कुठे मजकुरातच कंस करावा लागतो, कुठे नुसता आकडा पुरतो. लेख एकीकडून साभार परत आला आणि दुसरीकडे पाठवायचा झाला की हीच यादी नव्या नियमांनी पुन्हा लिहायची. आज ‘पॅन्डॉक’ नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर हे काम एका ओळीच्या आज्ञेवर करते. साध्या मजकुराची फाइल, संदर्भांची फाइल आणि शैलीची फाइल त्याच्या हाती दिली की ते वर्डची प्रत, छपाईची पीडीएफ, वेबपान किंवा ई-पुस्तक तयार करते, आणि तळटिपा व सूची त्या त्या शैलीप्रमाणे लावून देते. २००६ साली हे साधन प्रसिद्ध करणारे जॉन मॅकफार्लेन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने असे साधन घडवावे हा योगायोग वाटेल. पण या साधनामागचा चार दशकांचा इतिहास पाहिला तर ते नियमाला धरूनच झाले असे दिसते. ज्यांना लिहावे लागते आणि ज्यांचे लिखाण दुसऱ्याच्या यंत्रात अडकते, त्यांनीच हे काम वेळोवेळी पुढे नेलेले आहे.

सुरुवात १९६४ची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले जेरोम सॉल्ट्झर यांना पीएच.डी.च्या प्रबंधाचा आराखडा टंकित करायचा होता, म्हणून त्यांनी ‘रनऑफ’ नावाची आज्ञावली लिहिली. मजकुरात मधूनमधून टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी घालायच्या आणि त्यांत ‘इथे परिच्छेद’, ‘इथे ओळ मध्यावर’ अशा सूचना द्यायच्या. यंत्र त्या सूचना पाळून पाने छापून देई. पुढे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवत होते. त्यांना नवा संगणक हवा होता, आणि तो पदरात पाडून घेण्यासाठी पुढे केलेले कारण होते मजकूर-संस्करण. त्या प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाला अर्ज नीट आखून टंकित करून हवे होते. १९७१च्या उत्तरार्धात त्या विभागातल्या तीन टंकलेखिका दिवसभर या यंत्रावर पेटंटचे अर्ज टंकत, सुधारत आणि आखत असत. युनिक्सचे बाहेरचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे या तिघी. रनऑफचीच वंशज असलेली ‘रॉफ’ ही आज्ञावली त्यांच्यासाठी होती, आणि तिच्यातूनच १९७३च्या सुमारास जो ओसाना यांनी छपाईयंत्र चालवणारी ‘ट्रॉफ’ तयार केली. कमांड लाइन, म्हणजे यंत्राला आज्ञा टंकून देण्याची पद्धत, हे अभियंत्यांचे एकांतातले खेळणे आहे अशी समजूत आज रूढ आहे. युनिक्सवर मात्र तिचा रोजचा वापर अगदी सुरुवातीपासून टंकलेखनाच्या टेबलावरही होत होता.

या पहिल्या पिढीच्या खुणा मजकूर कसा दिसावा एवढेच सांगत. मजकुराचा तो भाग काय आहे, हे त्यांत कुठेच नसे. हा फरक प्रथम ठासून मांडला तो छपाईच्या धंद्यातल्या माणसांनी. १९६७ साली कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयातल्या बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी मजकुराचा आशय आणि त्याची मांडणी वेगळी ठेवावी असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे ग्रंथरचनाकार स्टॅन्ली राइस संपादकीय खुणांची एक सर्वसाधारण सूची मांडत होते. १९६९मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी या विचाराला यंत्राची भाषा दिली. गोल्डफार्ब मूळचे वकील आणि प्रकल्प कायदेविषयक कागदपत्रांचा. एकच निकालपत्र शोधायचेही आहे, सुधारायचेही आहे आणि छापायचेही आहे, म्हणून ‘ठळक अक्षर’ अशी खूण करण्यापेक्षा ‘हे शीर्षक’ अशी खूण करणे शहाणपणाचे, हे तिथे ध्यानात आले. १९८६ साली याच धाग्यातून एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. दरम्यान संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या हाती १९७७मध्ये स्वतःच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफे पडली. आधीची आवृत्ती खिळ्यांनी जुळवलेली आणि देखणी होती. फोटोटाइपसेटिंगची नवी पाने त्यांना इतकी ओबडधोबड वाटली की चालू ग्रंथ बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीची आज्ञावली लिहायला बसले. तिचे नाव टेक. प्रुफे न आवडलेल्या लेखकाने मुद्रकाचे काम स्वतःच्या हाती घेतले, असे या घटनेचे सरळ वर्णन करता येते.

संदर्भांचा प्रवास याहून जुना, पण संगणकावर तो थोडा उशिरा आला. मजकुरात लेखकाचे नाव आणि वर्ष देण्याची पद्धत सहसा हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१च्या निबंधापाशी नेली जाते. १९०६ साली शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने आपली नियमपुस्तिका छापली. १९२९मध्ये मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने सात पानांच्या टिपणात लेखकांसाठी सूचना दिल्या, आणि त्या टिपणातून आजची एपीए शैली वाढली. १९७८मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक व्हँकुव्हरला जमले आणि क्रमांकांची पद्धत ठरली. यातला प्रत्येक नियम आपल्या जागी सोयीचा होता. एकत्र पाहिले तर मात्र संपादकांची सोय वाढत गेली आणि लेखकांचे कष्टही. या कष्टांवर संगणकाचा पहिला उपाय बेल प्रयोगशाळेतच निघाला. माइक लेस्क यांची १९७८ची ‘रेफर’ ही आज्ञावली. लेखकाने ग्रंथाबद्दल आठवतील ते दोनतीन शब्द मजकुरात लिहायचे आणि यंत्राने संदर्भांच्या फाइलीतून नेमकी नोंद शोधून सूचीत बसवायची. ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ने हीच कल्पना आणखी व्यवस्थित केली, आणि तिच्या नोंदींच्या धर्तीवर ओरेन पाटाश्निक यांनी १९८५मध्ये टेकवर आधारलेल्या ‘लेटेक’साठी ‘बिबटेक’ लिहिले. इथे निर्णायक बदल झाला. संदर्भ म्हणजे स्वल्पविराम आणि तिरक्या अक्षरांनी सजवलेली ओळ, ही समज सुटली. संदर्भ म्हणजे लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष अशा रकान्यांची नोंद, आणि ओळ हे त्या नोंदीचे एक तात्पुरते रूप, अशी नवी समज आली.

नोंद लेखकाची झाली, पण रूप कोणाचे? पुढचा झगडा या प्रश्नावर झाला. स्क्राइब ही आज्ञावली एका कंपनीला विकली गेली आणि विनापरवाना प्रत ठरावीक मुदतीनंतर बंद पडावी अशी कळ तिच्यात बसवण्यात आली. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी ही गोष्ट पुढे अनेकदा निषेधाने सांगितली आहे. बिबटेक मोफत होते, पण त्याच्या शैली लिहिण्याची भाषा इतकी आडवळणी होती की मूठभर तज्ज्ञ सोडले तर कोणाला तिला हात लावता येत नसे. त्यामुळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेले ‘एंडनोट’ हे व्यापारी सॉफ्टवेअर विद्यापीठांत लोकप्रिय झाले. त्याच्यासोबत हजारो नियतकालिकांच्या शैली तयार मिळत. २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्राने ‘झोटेरो’ हे मुक्त साधन आणले. एंडनोटच्या शैलींच्या फाइली वाचण्याची सोय झोटेरोने करू घातली, तेव्हा एंडनोटची मालक असलेल्या थॉमसन रॉयटर्सने सप्टेंबर २००८मध्ये व्हर्जिनिया राज्याविरुद्ध दावा लावून वर्षाला किमान एक कोटी डॉलरची भरपाई मागितली. जून २००९मध्ये दावा फेटाळला गेला. प्रकरण परवान्याच्या अटींचे होते हे खरे. तरीही तळटिपेत स्वल्पविराम कुठे द्यायचा हे सांगणारी फाइल न्यायालयात मालमत्ता म्हणून उभी राहिली, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

या कोंडीला पर्याय तयार होत होता. मायामी विद्यापीठातले भूगोलाचे अध्यापक ब्रूस डार्कस यांनी सीएसएल नावाची शैलीवर्णनाची खुली भाषा मांडली होती. तिच्यात शैली ही आज्ञावली नसून वाचता येईल असे वर्णन असते आणि ते कोणालाही उतरवून घेऊन बदलता येते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातले कायद्याचे अध्यापक फ्रँक बेनेट यांनी या भाषेवर चालणारे इंजिन झोटेरोसाठी लिहिले. पॅन्डॉकसाठी हे काम आधी आंद्रेआ रोसातो यांनी केले, आणि २०२०मध्ये मॅकफार्लेन यांनी ते नव्याने लिहून थेट पॅन्डॉकच्या आत आणले. आज सीएसएलच्या सार्वजनिक भांडारात १०,०००हून अधिक शैली आहेत. भूगोल, कायदा, तत्त्वज्ञान आणि इतिहास केंद्रातली मंडळी, अशी ही नामावळी आहे. यांतल्या कोणाचाही मूळ व्यवसाय सॉफ्टवेअरचा नव्हता. तळटिपा लिहिणे हा मात्र सगळ्यांचा रोजचा व्यवहार होता.

पॅन्डॉकची रचना या सगळ्या धाग्यांची गाठ आहे. २००४ साली जॉन ग्रूबर यांनी ‘मार्कडाउन’ प्रसिद्ध केले. शब्दाभोवती तारांकन, शीर्षकाआधी एक चिन्ह, एवढ्या जुजबी खुणांचा हा मजकूर, खुणांसकट वाचला तरी डोळ्यांना खुपत नाही. मॅकफार्लेन यांनी त्याला तळटिपा, सारण्या आणि संदर्भ जोडले. चौकटी कंसात ‘@’ हे चिन्ह, त्याला चिकटून ग्रंथाची खूण आणि पुढे पृष्ठांक, एवढे लिहिले की उरलेले काम यंत्राचे. पण खरी कल्पकता आतल्या जुळणीत आहे. दहा स्वरूपांतून दहा स्वरूपांत जायचे तर प्रत्येक जोडीसाठी वेगळा रूपांतरक लिहावा लागेल आणि ते काम शंभराच्या घरात जाईल. पॅन्डॉक प्रत्येक स्वरूप आधी एका मधल्या, समान आराखड्यात वाचते आणि त्या आराखड्यातून हवे ते स्वरूप लिहिते. दहा वाचक आणि दहा लेखक, मिळून वीसच भाग पुरतात. म्हणून नवे स्वरूप आले की एक भाग लिहून ते जुन्या सगळ्यांशी जोडता येते. सांख्यिकीतज्ज्ञ वापरतात ते आर-मार्कडाउन आणि २०२२मध्ये आलेले क्वार्टो ही साधने पॅन्डॉकच्या पायावर उभी आहेत. अनेकजण नकळतच पॅन्डॉक वापरत असतात.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की बेल प्रयोगशाळा आणि आयबीएम या बलाढ्य कंपन्याच होत्या. मग लेखकांनी साधने घडवली असे कसे म्हणायचे? आक्षेप अर्धा खरा आहे. पगार आणि यंत्रे कंपन्यांची होती. पण गरज प्रबंधाची, पेटंटच्या अर्जाची आणि निकालपत्राची होती, आणि साधन टिकले की नाही हे लिहिणाऱ्यांनी ठरवले. जिथे साधनाला कुलूप लागले तिथे त्याची कल्पना बाहेर पडून दुसरीकडे वाढली, तशी स्क्राइबची बिबटेकमध्ये वाढली. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. १९७४मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ‘ब्राव्हो’ हे डोळ्यांना दिसेल तसेच छापणारे संपादन-साधन तयार झाले. त्याच्या कर्त्यांपैकी चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३मध्ये वर्ड आले. जगाने पसंती वर्डला दिली. मग या खुणांच्या भाषांचा इतिहास हा हरलेल्या पक्षाचा इतिहास नव्हे काय? वापरणाऱ्यांची डोकी मोजली तर होय. पण पॅन्डॉकने वर्डशी भांडण मांडलेलेच नाही. ते वर्डची फाइल वाचते, लिहिते आणि संपादकाने केलेल्या दुरुस्त्यांच्या नोंदीही टिपू शकते. लेखकाने आपली मूळ प्रत कुठे ठेवावी एवढाच त्याचा प्रश्न आहे. वर्डची प्रत संपादकाकडे जाऊ द्या. मूळ मजकूर मात्र कोणत्याही साध्या संपादकात उघडेल अशा रूपात आपल्याजवळ असू द्या, इतकेच त्याचे म्हणणे.

तिसरा आक्षेप मांडणीकारांचा. आशय आणि रूप खरेच वेगळे करता येतात का? कवितेची ओळ कुठे मोडते, संतवाङ्मयाच्या पोथीत ओवी आणि टीका कशी शेजारी बसते, हे रूप आशयाचाच भाग असते. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. पॅन्डॉकच्या माहितीपुस्तिकेतही प्रामाणिकपणे म्हटले आहे की आतला आराखडा कित्येक स्वरूपांहून तोकडा आहे आणि रूपांतरात काही गोष्टी गळतात. गुंतागुंतीच्या सारण्या आणि पानाची बारीक आखणी त्यात उतरत नाही. कवितेच्या ओळी राखण्याची सोय आहे, पण पाठभेदांनी भरलेली चिकित्सक आवृत्ती त्यातून निघणार नाही. तरीही यातून फार तर इतकेच सिद्ध होते की शेवटच्या मुक्कामी मांडणीकाराचा हात लागतो. तोवरच्या दहा मसुद्यांत, तीन संपादकांच्या फेऱ्यांत आणि दोनदा बदललेल्या संदर्भशैलीत त्या हाताची गरज नसते, आणि लेखकाचा बहुतेक वेळ तिथेच जातो. यंत्राने संदर्भ लावल्यास अभ्यासक आळशी होईल, ही भीती मात्र निराधार आहे. यंत्र ग्रंथ वाचत नाही आणि पृष्ठांक पडताळत नाही. नोंद चुकली असेल तर ती चूक सगळीकडे सारखीच उमटते. म्हणूनच ती लवकर सापडते आणि एकदाच दुरुस्त करावी लागते.

मराठीच्या बाजूने एक चौथा आक्षेप उभा राहतो, आणि या इतिहासाच्या इंग्रजी मांडणीत तो सहसा येत नाही. ‘साधा मजकूर टिकतो’ हे वाक्य इंग्रजीला सोपे आहे, कारण तिच्या अक्षरांना १९६३पासून आस्की हे मानक होते. देवनागरीला असा साधा मजकूर कित्येक वर्षे नव्हताच. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक १९९१मध्ये आले, आणि त्याच वर्षी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेली देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत समाविष्ट झाली. पण छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत प्रत्येक फॉन्टची स्वतःची सांकेतिक मांडणी चाले. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट बदलला की पानभर निरर्थक चिन्हे उमटत. पुस्तक छापून निघे, पण त्याची फाइल पुढच्या आवृत्तीला उपयोगी पडेलच अशी खात्री नसे. म्हणजे मजकूर फॉन्टच्या मालकीचा होता. या काळात ज्यांनी खुणांचा मार्ग धरला त्यांचे काम वाचले. ग्रोनिंगेन विद्यापीठातले फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी १९९१मध्ये टेकसाठी देवनागरीची सोय केली. लेखकाने साध्या रोमन अक्षरांत लिहायचे आणि छपाईत देवनागरी उमटायची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संहिता क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी रोमन लिप्यंतरात संगणकावर आणली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती सुधारली. ती साधी संहिता होती, म्हणून पुढे युनिकोडमध्ये सहज उतरली. कोणत्याही फॉन्टच्या दयेवर ती कधीच नव्हती.

आज अडचण वेगळी आहे. युनिकोड लिहिण्याची यूटीएफ-८ ही पद्धत १९९२मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी आखली, आणि पॅन्डॉक मजकूर वाचते आणि लिहिते ते त्याच पद्धतीने. २००४मध्ये जोनाथन क्यू यांनी तयार केलेल्या, टेकच्याच ‘झीटेक’ या रूपामुळे देवनागरीची पीडीएफ थेट निघते. जोडाक्षरे नीट बसतात. उणीव आहे ती आपल्या बाजूच्या नियमांची. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आणि नुसत्या सांकेतिक क्रमाने लावले तर ‘क्षीरसागर’ क मध्ये आणि ‘ज्ञानेश्वर’ ज मध्ये जातात. अनेक मराठी कोशांत ळ, क्ष, ज्ञ ह नंतर शेवटी येतात. भाषेनुसार क्रम लावण्यासाठी मॅकफार्लेन यांनी स्वतंत्र लायब्ररी लिहिली आहे, पण आपला क्रम कोणता हे आपणच एकमताने सांगायला हवे. सीएसएलमध्ये शैली वेगळी आणि ‘तत्रैव’, ‘आणि इतर’, ‘संपादक’, ‘आवृत्ती’ अशा शब्दांची भाषावार फाइल वेगळी असते. अशी मराठी फाइल भरायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. सूची करण्याची सवय असलेला संपादक पुरतो. मराठी विद्यापीठांनी, विश्वकोशासारख्या संस्थांनी आणि संशोधन-नियतकालिकांनी एकत्र बसून मराठी संदर्भशैली एकदा ठरवावी, ती खुल्या रूपात मांडावी, आणि लेखकांकडून हस्तलिखितासोबत संदर्भांची फाइलही युनिकोडमध्ये मागावी. आजवर हे काम त्या त्या भाषेतल्या लिहिणाऱ्यांनीच केले आहे. मराठीतही ते लिहिणाऱ्यांनीच करायचे आहे.